स्टोमा असलेल्या माणसाचं जीवनमान कसं मोजायचं? नाशिकच्या ओपीडीत, वॉर्डात आणि घरीही जमेल अशी पद्धत

“काय म्हणता, कसं चाललंय?” या प्रश्नाला आपल्याकडे ठरलेलं उत्तर आहे: “बरं आहे.” फॉलोअपला आलेला पेशंटही तेच सांगतो. जखम भरलेली असते, स्टोमा (शौच किंवा लघवी बाहेर यावी म्हणून पोटावर केलेलं तोंड) लालसर-गुलाबी आणि ओलसर दिसतो, पिशवीत शौच येत असतं. केसपेपरवर ‘स्टोमा हेल्दी’ एवढं लिहून पुढच्या नंबरला हाक जाते. तोच माणूस ऑपरेशनपासून एकाही लग्नाला गेलेला नसतो. एसटीत बसायचं म्हणून आदल्या रात्रीपासून जेवण बंद ठेवतो. कुशीवर झोपत नाही. यातलं काही कागदावर येत नाही, कारण तसं कुणी विचारलेलंच नसतं.

जीवनमान मोजायचं म्हणजे हेच रीतसर विचारायचं: ठरलेले प्रश्न, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या पद्धतीने. आपण जिथे राहतो तिथल्या चालीरीती, आपल्या अपेक्षा आणि आपल्या काळज्या धरून स्वतःचं जगणं स्वतःला कसं वाटतं, अशी जीवनमानाची व्याख्या जागतिक आरोग्य संघटनेने केली आहे. त्यात ‘स्वतःला’ हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा. डॉक्टरांना, सिस्टरना किंवा सुनेला काय वाटतं, ते वेगळं नोंदवता येईल. त्याला या पेशंटचं जीवनमान म्हणता येणार नाही.

हा लेख स्टोमा क्लिनिकमधल्या सिस्टर, सर्जरीचे निवासी डॉक्टर, प्रबंधाचा विषय घेऊन बसलेले नर्सिंगचे विद्यार्थी आणि घरी पेशंट असलेली माणसं, अशा सगळ्यांसाठी आहे. नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, नर्सिंगची कॉलेजं आहेत, त्यामुळे या विषयावर दरवर्षी कुणी ना कुणी प्रश्नावली घेऊन वॉर्डात येतंच. आकडे गोळा होतात, प्रबंध बांधला जातो, आणि ज्याने उत्तरं दिली त्याची पिशवी पूर्वीसारखीच गळत राहते. म्हणून माझा आग्रह एकच आहे: कुठल्या उत्तरावर काय करायचं हे आधी ठरवा, मग प्रश्न विचारा.

आधी पेशंट नीट ओळखा

स्टोमा म्हणजे पोटावर केलेलं तोंड. मोठ्या आतड्याचं असेल तर कोलोस्टोमी, लहान आतड्याचं असेल तर इलिओस्टोमी, लघवीसाठी असेल तर युरोस्टोमी. कारणंही वेगवेगळी: गुदाशयाचा किंवा आतड्याचा कॅन्सर, अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याची जुनाट सूज), आतड्याचा टीबी, टायफॉइडमध्ये आतड्याला पडलेलं छिद्र, अपघात, मूत्राशयाचा कॅन्सर. मोजण्याआधी चार गोष्टी लिहून काढा: स्टोमा कुठला, तात्पुरता की कायमचा, ऑपरेशन ठरवून झालं की इमर्जन्सीत, आणि केमो किंवा रेडिएशन चालू आहे का.

एवढ्याने बरंच कळतं. इलिओस्टोमीतून दिवसभर पातळ मल येत राहतो आणि त्यातल्या पाचक रसांनी कातडी लवकर सोलवटते. डाव्या बाजूच्या कोलोस्टोमीत शौच बरंच घट्ट असतं, तिथे वास आणि गॅसची तक्रार जास्त. मध्यरात्री आतडं फुटून सिव्हिलला आणलेला माणूस शुद्धीवर येतो तेव्हा पोटावर पिशवी असते. त्याला आधी कुणी समजावलेलं नसतं, पोटावर स्टोमाची जागा आखलेली नसते. ठरवून ऑपरेशन झालेल्याच्या आकड्यांशी त्याचे आकडे ताडून बघू नका.

लहान मुलांना मोठ्यांची प्रश्नावली लावायची नाही. जन्मतः गुदद्वार नसल्याने कोलोस्टोमी केलेल्या बाळाच्या बाबतीत मोजायचा असतो तो आईवर पडलेला ताण. तो वेगळा विषय आहे, इथे घेत नाही.

कुठली प्रश्नावली घ्यायची

तयार प्रश्नावल्या बऱ्याच आहेत. घरी बसून नवी बनवायच्या भानगडीत पडू नका. एक चांगली प्रश्नावली तयार करून तपासायची म्हणजे काही वर्षांचं काम असतं.

रोजच्या कामाला सगळ्यात सोयीची ‘स्टोमा-क्यूओएल’. ती २००५ साली प्रसिद्ध झाली, कोलोस्टोमी आणि इलिओस्टोमीच्या पेशंटसाठी. तिच्यात २० प्रश्न आहेत आणि प्रत्येकाला चार पर्याय: नेहमी, कधीकधी, क्वचित, कधीच नाही. झोप, शरीरसंबंध, घरच्यांशी आणि जवळच्यांशी नातं, बाहेरच्या लोकांत वावर, असे चार भाग त्यात येतात. कच्ची बेरीज २० ते ८० भरते, ती ० ते १०० या मापावर नेतात, आणि आकडा जितका जास्त तितकं जगणं बरं. दहा-पंधरा मिनिटांत होते. ओपीडीच्या गर्दीत मी हीच निवडेन.

अमेरिकेतल्या सिटी ऑफ होप या कॅन्सर केंद्राची प्रश्नावली खूप मोठी आहे. तिच्यातले ४३ प्रश्न जीवनमानाचे, ० ते १० गुणांचे. शरीर, मन, समाज आणि अध्यात्म अशा चार भागांत विभागलेले. बाकीचे प्रश्न कामधंदा, आहार, कपडे, पिशवीची निगा अशा गोष्टींचे. युरोस्टोमीवाल्यांनाही ती चालते. प्रबंधासाठी ती भरगच्च आहे, पण थकलेल्या पेशंटला एका बैठकीत ती उरकत नाही. तिच्यातला अध्यात्माचा भाग मात्र आपल्याकडे वगळण्यासारखा नाही. निवृत्तिनाथांच्या यात्रेला दर पौषात त्र्यंबकला चालत जाणाऱ्या माणसाची पिशवीमुळे ती वाट बंद झाली, तर त्याचं काय गेलं हे चालण्याच्या क्षमतेच्या प्रश्नात सापडणार नाही.

कॅन्सरचा पेशंट असेल तर युरोपातल्या ईओआरटीसी या कॅन्सर संशोधन संस्थेची ‘क्यूएलक्यू-सी३०’ आणि तिला जोडून आतड्याच्या कॅन्सरची ‘सीआर२९’ घ्या. पहिलीत ३० प्रश्न आहेत, दुसरीत २९. दुसरीत पिशवी असलेल्यांसाठी वेगळा गट आहे: नकळत गॅस सुटणं, पिशवीतून गळती, भोवतालची कातडी दुखरी होणं, दिवसा आणि रात्री वारंवार पिशवी बदलावी लागणं, पिशवीची लाज वाटणं, निगा राखताना अडचण येणं. सी३० मराठीत उपलब्ध आहे, ही मोठी सोय.

पेशंटने स्टोमाशी कितपत जुळवून घेतलं हेच बघायचं असेल तर ‘ऑस्टोमी अ‍ॅडजस्टमेंट इन्व्हेंटरी-२३’ आहे. तिच्यात स्वीकार, सतत लागून राहिलेली काळजी, लोकांत मिसळणं आणि राग हे चार धागे पकडले आहेत. रागाचा भाग मला फार मोलाचा वाटतो. आपल्याकडे पेशंट रडला तर सगळे जमतात, चिडला तर ‘स्वभावच तसा’ म्हणून सोडून देतात.

‘ईक्यू-५डी-५एल’ आणि ‘एसएफ-३६’ या सर्वसाधारण प्रश्नावल्या कुठल्याही आजाराला चालतात. खर्च आणि उपयोगाचा हिशेब मांडायचा असेल तर ईक्यू-५डी लागते. पण गळती, वास, पिशवी यांबद्दल तिच्यात एक अक्षर नाही. फक्त तिच्यावर विसंबलात तर स्टोमाचा मूळ त्रास निसटून जाईल.

क्लिनिकसाठी एक स्टोमाची प्रश्नावली पुरे. कॅन्सर असेल तर सी३० आणि सीआर२९ ही जोडी. चार-चार प्रश्नावल्यांचा गठ्ठा पेशंटच्या हातात देऊ नका. तिसऱ्या पानानंतर तो सगळीकडे एकच रकाना भरत सुटतो.

परवानगी आणि भाषा

प्रश्नावल्यांवर हक्क असतात. मूळ संस्थेकडे किंवा संशोधकांकडे अर्ज करा, मराठी रूप आहे का विचारा, आणि असेल तर तेच वापरा. शिक्षणासाठी आणि ना-नफा संशोधनासाठी परवानगी बहुतेक वेळा फुकट मिळते. इंटरनेटवर सापडलेली कुणीतरी केलेली मराठी पीडीएफ घेऊन काम सुरू करू नका. मराठी रूप नसेल तर दोघांनी स्वतंत्रपणे मराठीत आणायचं, दोन्ही जुळवून एक करायचं, मूळ न पाहिलेल्या तिसऱ्याने ते परत इंग्रजीत न्यायचं, फरक तपासायचा, आणि मग थोड्या पेशंटना वाचून दाखवून “यातून तुम्हाला काय समजलं?” असं विचारायचं. शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात. खरं तर नाशिक जिल्ह्यात तीच सगळ्यात जास्त लागते.

कारण इथे एक मराठी नाही. सटाणा-मालेगावकडची माणसं घरात अहिराणी बोलतात, सुरगाणा-पेठकडची कोकणा आदिवासींची कोकणी, मालेगावातले बरेच पेशंट उर्दू. पुस्तकी ‘लैंगिक समाधान’, ‘सामाजिक सहभाग’, ‘शारीरिक प्रतिमा’ असले शब्द आले की समोरचा मान डोलवतो आणि काहीतरी उत्तर देऊन टाकतो. छापील प्रश्नाचे शब्द बदलायचे नाहीत, पण समजावताना काय बोलायचं ते आधी लिहून ठेवा आणि सगळ्या सिस्टरनी तेच बोलायचं. “पिशवी लावल्यापासून स्वतःच्या पोटाकडे बघवतं का?” असं म्हटलं की माणूस बोलायला लागतो. पेशंट ‘स्टोमा’ क्वचितच म्हणतात. ‘पिशवी’, ‘बॅग’, ‘संडासची जागा’ असं म्हणतात. तुम्हीही तसंच म्हणा.

अभ्यासासाठी माहिती घेत असाल तर पहिला कागद भरण्याआधी एथिक्स कमिटीची मंजुरी आणि प्रत्येक पेशंटची लेखी संमती हवी. रोजच्या उपचाराचा भाग म्हणून विचारत असाल तरी ‘उत्तर दिलं नाही म्हणून उपचारात काही फरक पडणार नाही’ हे तोंडाने सांगा. आपल्याकडे कागदावर सही म्हटलं की माणूस घाबरतो.

केव्हा मोजायचं

एकदाच मोजलेल्या आकड्याचा फारसा उपयोग नाही. शक्य असेल तर पहिली नोंद ऑपरेशनच्या आधी घ्या. स्टोमाचे प्रश्न तेव्हा लागू नसतात, पण सी३० किंवा ईक्यू-५डी भरून घेता येते. ती नसेल तर पुढे सगळा दोष पिशवीच्या माथी जातो. रक्तस्राव आणि वेदनेने आधीच झोप उडालेल्या माणसाची झोप ऑपरेशननंतर सुधारलेलीही असू शकते.

पुढची नोंद घरी गेल्यावर चार ते सहा आठवड्यांनी. डिस्चार्जच्या दिवशी विचारू नका. त्या दिवशी माणूस घरी जायच्या आनंदात किंवा भीतीत असतो, आणि पिशवी अजून सिस्टरच बदलत असतात. त्यानंतर तीन महिने, सहा महिने, एक वर्ष. सुरुवातीला आकडा खाली जातो आणि पहिल्या काही महिन्यांत वर येतो, ही साधारण चाल आहे. तीन महिन्यांनीही तो वर येत नसेल तर थांबून शोध घ्यायचा.

तारखेबरोबर चालू केमोचं चक्र आणि महिना लिहा. नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये घामाने प्लेट (पिशवी पोटाला चिकटवणारी चकती) सुटते, सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पत्र्याखाली काम करणाऱ्यांची तर लवकरच. जानेवारीतल्या आकड्याशी मेचा आकडा ताडताना हे ध्यानात हवं.

कुणी, कुठे, कसं विचारायचं

ज्यांनी ऑपरेशन केलं त्या सर्जननी विचारू नये. “साहेबांनी जीव वाचवला, आता त्यांना तक्रार काय सांगायची” म्हणून पेशंट चांगलंच बोलतो. तिसऱ्याच कुणीतरी विचारावं. बाईंना बाईने, पुरुषाला जमल्यास पुरुषाने. दार लागेल अशी खोली हवी, निदान पडदा. वाचता येणाऱ्याला कागद देऊन बाजूला व्हा. ज्याला वाचून दाखवावं लागतं त्याला पुढेही प्रत्येक वेळी वाचूनच दाखवा; एकदा स्वतः भरलेलं आणि एकदा विचारून घेतलेलं, अशी तुलना टिकत नाही.

नातेवाइकांना बाहेर बसवणं हे सगळ्यात नाजूक काम. “काका, तुम्ही तोवर पिशव्यांचा हिशेब बघता का?” अशी काहीतरी निमित्तं शोधावी लागतात. मुलगा शेजारी असताना आई खर्चाबद्दल बोलत नाही आणि नवरा असताना बायको शरीरसंबंधाच्या प्रश्नावर गप्प होते. तिथे ‘उत्तर द्यायचं नाही’ हा पर्याय मोकळेपणाने द्या आणि रकाना रिकामा सोडा. अंदाजाने भरू नका.

प्रश्नावली म्हणते ‘गेल्या आठवड्यात’, तर आठवडा बांधून द्या: “मागच्या बुधवारच्या बाजारापासून आजपर्यंत.” तारखेपेक्षा बाजाराचा वार लक्षात राहतो.

निफाडकडच्या एक मावशी द्राक्षबागेत कामाला जायच्या. गळतीच्या प्रश्नाला त्यांचं उत्तर ठाम: “न्हाई, कधीच न्हाई.” आकडा चांगला आला. प्रश्नावली बाजूला ठेवून विचारलं, “मावशी, पिशवी किती दिवसांनी बदलता?” म्हणाल्या, “रोज. उन्हाचं दोनदा.” जी प्लेट तीन-चार दिवस टिकायला हवी ती रोज निघत होती. गळायच्या आत बदलायची, म्हणून गळत नव्हती! त्यांना बसायला सांगितलं तर परकराची नाडी बरोबर प्लेटच्या खालच्या कडेवर आवळलेली. खाली वाकलं की ती कड उचलली जायची. त्यांची मजुरीची अर्धी कमाई पिशव्यांत जात होती आणि प्रश्नावलीत त्या ‘गळती नाही’ गटात बसल्या असत्या.

म्हणून मूळ प्रश्नावली संपल्यावर एक वेगळं पान ठेवा. त्याचे गुण धरायचे नाहीत आणि ते मूळ बेरजेत मिसळायचं नाही. माझ्या पानावरचे प्रश्न असे: प्लेट किती दिवस टिकते? पिशवी धुऊन परत वापरता का? महिन्याला पिशव्यांवर किती जातात आणि कुठून आणता? वापरलेली पिशवी कुठे टाकता? घरी संडास कसा आहे, पाणी चोवीस तास असतं का? मांडी घालून, उकिडवं बसता येतं का? पंगतीत बसता का, की आधीच घरी जेवून जाता? देवघरात, देवळात जाता का, की स्वतःच बाहेर थांबता? मालेगावच्या पेशंटला नमाज आणि वजू (नमाजाआधी हात-पाय धुणं) यांबद्दल विचारा. शेवटचा प्रश्न: ऑपरेशनआधी करत होता आणि आता सोडून दिली, अशी एक गोष्ट कुठली? नोंदवहीतली सगळ्यात कामाची ओळ बहुधा याच उत्तराची असते.

गुण कसे काढायचे

प्रत्येक प्रश्नावलीबरोबर गुणांची नियमावली मिळते. ती समोर ठेवूनच काम करा. इथे सी३०चा एक हिशेब करून दाखवतो, कारण घोळ तिथेच जास्त होतो.

सी३०मध्ये बहुतेक प्रश्नांना १ ते ४ असे पर्याय आहेत: अजिबात नाही, थोडं, बऱ्यापैकी, खूप. भावनिक स्थितीचे चार प्रश्न आहेत: ताण, काळजी, चिडचिड, उदासी. समजा उत्तरं आली ३, २, ३, २. सरासरी २.५. त्यातून १ वजा केला, १.५ राहिले. पर्यायांची व्याप्ती ३ (४ वजा १), म्हणून १.५ भागिले ३, म्हणजे ०.५. हा भाग कार्यक्षमतेचा आहे, इथे जास्त म्हणजे चांगलं, म्हणून १ मधून वजा करून १०० ने गुणायचं: ५०.

लक्षणांच्या प्रश्नाला उलटं वजा करायचं नाही. सीआर२९मध्ये कातडी दुखरी होण्याच्या प्रश्नाला ३ उत्तर आलं, तर ३ वजा १ म्हणजे २, भागिले ३, गुणिले १००: ६६.७. इथे जास्त म्हणजे त्रास जास्त. एकाच तक्त्यात एक आकडा वर गेला की आनंद आणि दुसरा वर गेला की काळजी, असं असतं. तक्त्याच्या प्रत्येक ओळीपुढे ‘जास्त = चांगलं’ किंवा ‘जास्त = वाईट’ असं लिहूनच ठेवा.

सी३०चे शेवटचे दोन प्रश्न, एकूण प्रकृती आणि एकूण जीवनमान, १ ते ७ मापावर असतात, तिथे व्याप्ती ६. उत्तरं ४ आणि ५ आली तर सरासरी ४.५; ३.५ भागिले ६, गुणिले १००, म्हणजे ५८.३. हा भाग उलटवायचा नाही.

गाळलेल्या उत्तरांना नियम आहे: त्या भागातले निदान निम्मे प्रश्न सोडवलेले असतील तर दिलेल्या उत्तरांचीच सरासरी धरायची. चारपैकी एकच सोडवला असेल तर त्या भागाचा गुण काढायचा नाही. रिकाम्या जागी शून्य भरणं ही एक्सेलमध्ये हमखास होणारी चूक, ती सगळं बिघडवते.

आकडा वाचायचा कसा

एका पेशंटची तुलना त्याच्याशीच करा. सी३०मध्ये ५ ते १० गुणांचा फरक पेशंटला थोडासा जाणवतो, १० ते २० चा बऱ्यापैकी, त्याहून जास्त म्हणजे मोठा बदल, असा १९९८ सालच्या एका अभ्यासातून आलेला ढोबळ दंडक आहे. दोन-तीन गुणांनी वर गेलं म्हणून पेढे वाटू नका. इतर प्रश्नावल्यांना हाच दंडक तसाच लावायचा नाही.

एकूण बेरजेच्या आधी एकेक उत्तर वाचा. दोघांची बेरीज सारखी असते. एकाची झोप गेलेली असते, दुसऱ्याचा संसार. बेरीज अहवालात शोभते, पण उपाय प्रत्येक उत्तरावर वेगळा असतो.

आणखी एक गंमत म्हणावी अशी गोष्ट. तब्येत तशीच असून आकडा सुधारतो, कारण माणसाची मोजपट्टी बदलते. सुरुवातीला ज्याला तो ‘खूप त्रास’ म्हणायचा, सहा महिन्यांनी तोच त्रास ‘थोडा’ होतो. हे जुळवून घेणं चांगलंच आहे. पण कधी ते नुसतं अपेक्षा सोडून देणं असतं. बाहेर जायची इच्छाच मेली की बाहेर जाण्याची अडचणही उरत नाही! म्हणून ‘आता काय सोडून दिलंय’ हा प्रश्न दर भेटीला परत विचारायचा.

प्रबंधवाल्यांसाठी दोन ओळी: पेशंट थोडे असतील तर सरासरीबरोबर मध्यक आणि व्याप्ती द्या, तात्पुरता आणि कायमचा स्टोमा वेगळे मांडा, आणि किती जणांनी कुठला प्रश्न गाळला तेही लिहा. शरीरसंबंधाचा प्रश्न निम्म्यांनी गाळला, तर तोच तुमचा निष्कर्ष आहे.

उत्तरावर काय करायचं

गळती किंवा कातडी: प्लेट काढून बघा, त्याशिवाय काही कळणार नाही. ऑपरेशननंतर पहिले सहा ते आठ आठवडे स्टोमा आक्रसत जातो, पण प्लेटचं भोक वॉर्डात कापून दिलेल्या मापाचंच राहतं. उघड्या पडलेल्या कातडीवर मल साचतो आणि ती जळते. परत माप घ्या. भोक स्टोमापेक्षा दोन-एक मिलिमीटरच मोठं हवं. झोपवून, बसवून, वाकवून पोटाच्या घड्या बघा. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची, हे सांगितलं का ते विचारा. भरलेल्या पिशवीच्या ओझ्यानेच बऱ्याच प्लेटा सुटतात. कातडी मोजायची असेल तर ‘ऑस्टोमी स्किन टूल’ आहे: रंग बदलणं, सोलवटणं आणि मांस वाढणं यांचे मिळून ० ते १५ गुण. डोळ्यांच्या अंदाजापेक्षा ते बरं. फोटो काढायचा तर परवानगी घेऊन, चेहरा न येता, आणि तो वॉर्डाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचा नाही.

झोप: रात्रीचं जेवण थोडं लवकर, झोपताना पिशवी रिकामी, इलिओस्टोमी असेल तर रात्री एकदा उठून बघायची सवय. इलिओस्टोमीतून दिवसाला दीड लिटरच्या वर जायला लागलं, तोंड कोरडं पडलं, लघवी कमी झाली, तर प्रश्नावली बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. नुसतं पाणी ढोसून ते भरून निघत नाही, क्षार लागतात.

घराबाहेर न पडणं: यावर उपदेश कुचकामी. एक छोटी पिशवी भरून द्या: मापाचं भोक कापलेली एक प्लेट, एक पिशवी, ओले-कोरडे कपडे, पाण्याची बाटली, कचऱ्यासाठी काळी पिशवी. मग पहिला प्रवास लहान ठरवा, नाशिकरोड ते सीबीएस एवढाच. जमला की सिन्नर. स्टोमासह जगणाऱ्या दुसऱ्या माणसाशी अर्धा तास गाठ घालून दिली तर आपल्या दहा सल्ल्यांचं काम होतं. दोघांची परवानगी आधी घ्या.

शरीरसंबंध: स्टोमामुळे संबंध बंद करावे लागत नाहीत, हे मोठ्याने सांगणारं कुणी नसतं. गुदाशयाच्या किंवा मूत्राशयाच्या ऑपरेशनमध्ये नसांना इजा होऊन पुरुषांना ताठरतेची आणि बायकांना कोरडेपणाची, दुखण्याची अडचण येऊ शकते आणि त्यावर उपचार आहेत. नुसतं ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणून परत पाठवू नका, त्या-त्या डॉक्टरांकडे धाडा.

मन: भावनिक गुण कमी आले, राग किंवा उदासी दिसली, तर ‘पीएचक्यू-९’ ही नऊ प्रश्नांची चाचणी घ्या. २७ पैकी १० किंवा जास्त गुण आले तर मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला हवा. तिच्यातला नववा प्रश्न जीव नकोसा होण्याबद्दल आहे. तिथे शून्याशिवाय काहीही आलं तर बेरीज करत बसू नका. माणसाला एकटं सोडू नका, त्याच वेळी डॉक्टरांना बोलवा. घरी असताना सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या नंबरवर दिवस-रात्र मिळते, मराठीतही.

पैसे: पिशवी धुऊन वापरणाऱ्याला रागावू नका. कुठली पिशवी धुऊन चालेल, कुठली नाही, स्वस्तात कुठे मिळेल, एकाच तुकड्याची (प्लेट आणि पिशवी जोडलेली) की दोन तुकड्यांची (दोन्ही वेगळ्या) परवडेल, याचा हिशेब त्याच्यासोबत बसून करा. हॉस्पिटलच्या समाजसेवा अधीक्षकांकडे चिठ्ठी लिहून द्या.

घरच्यांसाठी छोटी वही

ओपीडीत मोठी प्रश्नावली होईल तेव्हा होईल. घरी एक शंभर पानी वही पुरते. दर रविवारी पेशंटने स्वतः पाच गोष्टींना ० ते १० गुण द्यायचे: झोप, कातडी, गळतीची धास्ती, घराबाहेर पडणं, घरच्यांशी मोकळेपणा. सगळीकडे १० म्हणजे उत्तम असं एकच माप ठेवा, म्हणजे गोंधळ नाही. शेजारी प्लेट बदलल्याच्या तारखा लिहा. ही काही शास्त्रशुद्ध प्रश्नावली नाही, पण फॉलोअपला वही पुढे केली की “बरं आहे”च्या पुढे बोलणं सरकतं. वही पेशंटची, सुनेने किंवा मुलाने त्याच्या वतीने आकडे टाकायचे नाहीत, फार तर लिहून द्यायचे.

पिशवी बंद झाल्यावर

तात्पुरता स्टोमा बंद झाला की सगळे सुटलो म्हणतात आणि मोजणंही थांबतं. गुदाशयाचा भाग काढलेल्यांचा नवा त्रास बहुधा तिथूनच सुरू होतो: दिवसातून कितीतरी वेळा जावं लागणं, गेल्या-गेल्या परत जावं लागणं, धीर न धरवणं, गॅस आणि पातळ शौच न आवरणं. नेमक्या या पाच गोष्टींवर २०१२ साली ‘लार्स स्कोअर’ तयार झाला. ० ते २० म्हणजे फारसा त्रास नाही, २१ ते २९ सौम्य, ३० ते ४२ तीव्र. स्टोमाची प्रश्नावली इथे लागू नाही, ती बंद करा. सी३० मात्र क्लिनिकच्या त्याच नोंदवहीत, त्याच रकान्यांत पुढे चालू ठेवा, म्हणजे पिशवीच्या आधी, पिशवी असताना आणि पिशवी गेल्यावर अशा तिन्ही काळांचे आकडे एका पानावर येतील. लार्स ३० किंवा जास्त आला तर आहार, औषधं, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम यांसाठी पेशंटला पुन्हा बोलावून घ्या. ‘आता पिशवी गेली ना’ म्हणून फाइल बंद करू नका.